ल्वानचा डावा गाल

ही गोष्ट खरी आहे.

मी सांगतेय म्हणून विश्वास ठेवा, असं म्हणत नाही. ज्या घरात ती घडली ते घर आजही जागेवर आहे. जिच्या हातून घडली ती माझी मावसबहीण आहे. आणि ज्याच्यासोबत घडली त्या माणसाचा चेहरा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय.

अर्धाच...

गेल्या वर्षीची गोष्ट. व्हिएतनाममधल्या आमच्या क्वी न्योनला वादळांचा हंगाम लागायच्या जरा आधीची. असल्या गोष्टी रात्रीच घडतात असं कुणी सांगत असेल तर सांगू द्या. ही घडली भर दुपारी. बाहेर कॉफीवाली गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत होती आणि खिडकीतून टेबलावर ऊन पडलं होतं.

माझ्या बहिणीचं नाव उयेन. बंदरामागच्या गल्लीत तिचं फोटोचं दुकान. आधी वडिलांचं होतं, आता ती एकटीच बघते. मोबाइल आल्यापासून फोटो काढून घ्यायला कोण येतं? पण पितरांच्या देव्हाऱ्यात ठेवायला फोटो लागतोच. लोक जुन्या निगेटिव्ह घेऊन येतात. बुरशी आलेल्या, चिकटलेल्या, ओरखडलेल्या. उयेन त्या स्कॅन करते आणि त्यातून माणूस बाहेर काढते.

जुन्या फिल्म फार कडक असतात. ऊन आणि सावली यांच्या मधलं काही नसतंच. उन्हातलं कपाळ पांढरंफटक, सावलीतला डोळा काळाकुट्ट. उयेन अशी फिल्म दोनदा स्कॅन करायची. एकदा उजेडाचा भाग नीट यावा म्हणून, एकदा सावलीचा. मग कॉम्प्युटरवर दोन्ही एकावर एक ठेवायची आणि वरचा नको तो भाग हळूहळू पुसत खालचा बाहेर आणायची.

बघता बघता काळ्या डागातून भुवई निघायची. मग पापणी. मग डोळा.

त्या क्षणी गिऱ्हाईक हमखास रडायचं. आणि उयेनला, तिनेच मला सांगितलं, आपण मेलेल्याला दार उघडून दिल्यासारखं वाटायचं.

त्याचा तिला गर्व होता. तिथेच घात झाला.

साऊ आजी आली ती मुलीच्या खांद्याला धरून. खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातली. डोळे अधू झालेले, पण आवाज खणखणीत. मुलगी दिएम, चाळिशीकडे झुकलेली, बाजारात मासळी विकणारी.

आजीने प्लास्टिकच्या पिशवीतून एक निगेटिव्ह काढली.

"हा माझा ल्वान," ती म्हणाली. "समुद्राने नेला. परत दिला नाही. एवढाच एक फोटो आहे. तोही कुणा फिरस्त्याने काढलेला."

उयेनने फिल्म उजेडासमोर धरली. किनाऱ्यावर होडी, भर माध्यान्हीचं ऊन, डोक्यावर गवती टोपी घातलेला तरणाबांड पोरगा. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. ऊन काळं दिसतं, सावली पारदर्शक. ल्वानच्या चेहऱ्याची उजवी बाजू ठळक होती. डावी बाजू टोपीच्या सावलीत...

तिथे काहीच नव्हतं. फिल्म काचेसारखी स्वच्छ.

"आजी, अर्धा चेहरा येईल," उयेन म्हणाली. "उरलेला फिल्मवर उमटलाच नाहीये."

"अर्धा?" आजी हसली. "अगं पोरी, अर्ध्या तोंडाला मी घास कसा भरवू? इतकी वर्षं नुसतं नाव घेऊन वाढतेय. तो जेवतो की नाही कोण जाणे. श्राद्ध तोंडावर आलंय. मी पुढच्या श्राद्धाला असेन की नसेन. मला माझं पोर पूर्ण दे."

"करते हो ती," दिएम घाईने म्हणाली. "करशील ना गं ताई? सगळे म्हणतात तुझ्या हातात जादू आहे."

उयेनने मान डोलावली.

मान डोलावली तेव्हाच तिला माहीत होतं की हे होणार नाही.

तिने सगळं करून पाहिलं. सावलीसाठी स्कॅन घेतला, आणखी घेतला. उजेड वाढवायचा कर्व्ह वर ओढला. काळ्यातून करडं आलं, करड्यातून नुसते ठिपके आले. वाळूसारखे. त्यात ना डोळा, ना नाक. जे उमटलंच नाही ते निघणार कुठून?

मग तिने उजवी बाजू उलटी करून डावीकडे लावली. चेहरा पूर्ण झाला. पण तो माणसाचा वाटेना.

दिएम बघायला आली आणि दोन पावलं मागे सरली.

"हा कोण? बाहुला आहे की दादा?"

"एवढंच होतं यातून."

"बघ ताई, स्पष्ट सांगते," दिएमने आवाज खाली आणला. "आईला नीट दिसत नाही. तिला फक्त हातात घेऊन रडायचंय. तू काहीतरी कर. काय केलंस ते मला सांगूही नको."

ती निघून गेली. दुपारची वेळ. गल्ली सुस्तावलेली. पंखा फिरत होता.

उयेनची नजर कपाटावरच्या खोक्याकडे गेली.

न्यायला कुणी न आलेल्या फिल्म त्या खोक्यात असतात. प्रत्येक फोटोवाल्याकडे असं एक खोकं असतं. लोक देऊन जातात आणि विसरतात. किंवा मरतात. तिने चाळायला सुरुवात केली. तिला हवा होता त्याच वयाचा पुरुष, मान त्याच बाजूला वळलेली, पण ऊन दुसऱ्या बाजूने आलेलं.

एका पट्टीत तो सापडला.

कुठल्याशा गावात भिंतीला टेकून उभा. डावा गाल उन्हात, उजवा अंधारात. अगदी ल्वानच्या उलट. जणू दोघांनी एकच चेहरा वाटून घेतला होता...

'न्यायला आला नाही म्हणजे गेलाच असणार,' ती मनाशी म्हणाली. 'मेलेल्या माणसाचा मेलेल्यासाठी उपयोग. कुणाचं काय जातंय?'

हे वाक्य तिने मला पुन्हापुन्हा सांगितलंय. दर वेळी मान खाली घालून.

तिने तो गाल कापून घेतला आणि ल्वानच्या सावलीत ठेवला.

एरवी असं काम दिवसभर चालतं. कातडीचा रंग जुळत नाही, फिल्मचे दाणे जुळत नाहीत, जबड्याची रेघ सरकते. पण त्या दिवशी हात लावायची गरजच पडली नाही. गाल आपण होऊन बसला. नाकाला नाक मिळालं. ओठाला ओठ.

टक्... असा बारीक आवाज झाला म्हणे. कडी बसल्यासारखा.

उयेनला वाटलं, स्कॅनरचं झाकण असेल.

झाकण उघडंच होतं.

फोटो न्यायला आजी स्वतः आली. चौकट हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली. मग बोटांनी काचेवरून चाचपू लागली. कपाळ, टोपी, उजवा गाल. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"हाच. हाच गं माझा बाळ."

बोटं डाव्या गालावर आली... आणि थांबली.

"पोरी, ही बाजू गार का लागतेय?"

"काच आहे ना आजी."

"काच इकडेही आहे."

दिएमने घाईघाईने चौकट कापडात गुंडाळली. दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि लगेच नजरा वळवल्या. दोघींनी मिळून म्हातारीला फसवलं होतं आणि दोघींना ते कळत होतं.

त्या गेल्यावर उयेन ती अनोळखी पट्टी परत खोक्यात ठेवायला उठली. सहज, सवयीने, तिने ती खिडकीच्या उजेडासमोर धरली.

भिंत होती. सदरा होता. कॉलर होती.

तोंडाच्या जागी काही नव्हतं.

उजवी बाजू आधीच सावलीत होती. डावी, जी उन्हात होती, जी फिल्मवर दाट काळी उमटलेली तिने परवाच पाहिली होती...

तीही स्वच्छ. काचेसारखी.

तिने पुसून पाहिलं. दुसरी बाजू वर करून पाहिली. स्कॅनरवर ठेवली. पडद्यावर एक सदरा घातलेला माणूस आला आणि मानेच्या वर नुसता अंधार.

तिने फोटोची फक्त नक्कल घेतली होती. पण मूळच उरलं नव्हतं.

श्राद्धाचं जेवण दुपारी होतं. जायचं नाही असं उयेनने ठरवलं होतं. पण दिएम स्वतः स्कूटर घेऊन दारात हजर.

"चल. आईने तुझ्यासाठी पान मांडलंय. आणि... मला तुला काही दाखवायचंय."

वाटेत पुलावर वारा होता, म्हणून दिएम ओरडून बोलत होती. नाहीतर ती बोललीच नसती, असं उयेनला वाटलं.

"दादा स्वप्नात यायचा आईच्या! वर्षानुवर्षं! दाराशी ओला उभा राहायचा! आणि खोटं नाही सांगत ताई, सकाळी उंबऱ्यात खरंच पाणी असायचं! मी पुसलंय माझ्या हातांनी! खारं!"

"आणि आता?"

दिएमने स्कूटरचा वेग वाढवला.

घर छोटं, समुद्राकडे तोंड करून. अंगणात जाळी वाळत घातलेली. उयेनने आत जाताना उंबऱ्याकडे पाहिलं. उंबरा कोरडा ठणठणीत होता. फटींत धूळ साचली होती.

देव्हाऱ्यात फोटो. समोर उदबत्त्या, फुलं, केळीच्या पानात उकडलेले चिकट तांदळाचे बान्ह इत, न्योक माममध्ये, माशाच्या खारट रसात, शिजवलेला बांगडा. आणि भाताच्या वाट्या...

दोन.

"दुसरी कुणाची, आजी?" उयेनने विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"ल्वानबरोबर येतो ना, त्याची." आजी अगदी सहज म्हणाली. "नाव सांगत नाही. बिचारा उपाशी आहे. जेवतो, पण उठत नाही. माझा ल्वान नुसता मागे उभा. हल्ली तर दिसतही नाही. हाच बसलेला असतो."

"कसा दिसतो तो?"

"कोरडा," आजी म्हणाली. "समुद्रात गेलेलं पोर नाही ते. अंगाला मातीचा वास येतो."

सगळे जेवायला बसले. शेजारपाजारचे लोक होते, गप्पा चालल्या होत्या, कुणीतरी यंदाच्या कोळंबीला शिव्या घालत होतं. मध्येच बोलणं आपोआप थांबलं. कधी कधी थांबतं तसं.

त्या शांततेत देव्हाऱ्याकडून आवाज आला.

खुट्... खुट्...

वाटीच्या काठावर जेवायच्या काड्या लागल्यासारखा.

कुणीही वळून पाहिलं नाही. एक म्हातारा खाकरला. लोक पुन्हा कोळंबीवर बोलू लागले, पहिल्यापेक्षा मोठ्याने.

उयेनने मात्र पाहिलं. काड्या जागेवर होत्या. पण फोटोतला माणूस... उजवी बाजू गंभीर होती, तिने जशी केली होती तशीच. डावीकडचा ओठ मात्र किंचित हलल्यासारखा. खाताना हलतो तसा.

तिने हातातली वाटी खाली ठेवली.

दुकानात येऊन तिने पहिलं काम केलं ते कॉम्प्युटर सुरू करायचं. फाइल उघडली. दोन्ही थर, म्हणजे लेयर, अजून वेगवेगळेच होते. खाली ल्वान, वर तो परका गाल. तिने वरचा लेयर बंद केला.

गाल गेला नाही.

तिने लेयर काढून टाकला.

चेहरा तसाच. पूर्ण.

ती घामाने निथळत होती. तिने मूळ स्कॅन उघडला, जो पहिल्या दिवशी घेतला होता, ज्यावर कुणी काही केलं नव्हतं. सावली होती. काळी. तिने कर्व्ह धरला आणि थोडा वर ओढला.

काळ्यातून करडं आलं.

करड्यातून ठिपके आले.

मग ठिपके एकमेकांकडे सरकल्यासारखे झाले... आणि भुवई निघाली.

मग पापणी.

मग डोळा. आणि तो डोळा ल्वान बघत होता तिकडे, होडीकडे, बघत नव्हता.

तिने वायर ओढून मशीन बंद केलं. बाहेर ऊन होतं. कॉफीवाली हसत होती. उयेन टेबलाखाली गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिली आणि एकच गोष्ट बडबडत राहिली. "चुकलं माझं. चुकलं. चुकलं."

कुणाला सांगत होती ते तिलाही ठाऊक नाही.

त्या पट्टीवर आणखी फोटो होते. एकात एक बाई गावाच्या वेशीखाली उभी राहून हसत होती. वेशीवर गावाचं नाव वाचता येत होतं. आत डोंगराकडचं, ताय सोनच्या बाजूचं. उयेनने मनात ठरवलं, त्या माणसाचं घर शोधायचं. थडगं असेल तर माफी मागायची. देव्हारा असेल तर त्याचं तोंड त्याला परत द्यायचं, कसं ते देव जाणे. नुसतं बसून राहणं तिला सोसवत नव्हतं.

त्या गावी जाऊन वेशीजवळच्या टपरीवाल्या बाईला तिने मोबाइलवर ती हसरी बाई दाखवली.

"अरे, ही तर खांगभाऊंची बायको! गेली बिचारी."

"आणि खांगभाऊ... ते कधी गेले?"

बाईने उसाचा रस गाळता गाळता वर पाहिलं.

"जीभ जळो तुझी! जातायत कुठे? घरी आहेत की. तोंड वाकडं झालंय फक्त. जा, ते समोरचं निळं दार."

उयेन सांगते, त्या दारापर्यंत आपण कसे चालत गेलो ते आठवत नाही.

खांग पडवीत शेंगा सोलत बसला होता. पन्नाशीचा. उजवी बाजू साधीसुधी, उन्हाने रापलेली, शेतकऱ्याची. डावी बाजू... मी नंतर पाहिलीय, म्हणून सांगते. आजारात तोंड वाकडं होतं तसं ते नव्हतं. सुरकुती नाही. रापलेपण नाही. डोळा उघडा, पण त्यात बाहुली फिकट, धुतल्यासारखी. कुणीतरी तेवढाच चेहरा पुसून काढावा तसा.

"कोण हवंय?" त्याने अर्ध्या तोंडाने विचारलं.

"तुम्हाला हे... कधीपासून?"

"वादळांच्या जरा आधी. शेतात होतो. दुपारी. एकदम गाल गार पडला. कानात टक् असं काहीतरी वाजलं. डॉक्टर म्हणतात झटका असेल, पण तपासणीत काही सापडत नाही." तो थांबला. "तू कोण, पोरी? रडतेस का?"

तिने सगळं सांगितलं. फिल्म, खोकं, गाल, देव्हारा. काही म्हणता काही लपवलं नाही.

खांगने हातातली शेंग खाली ठेवली.

"तुला वाटलं मी मेलोय?"

"हो."

"का?"

"तुम्ही फिल्म न्यायला आला नाहीत."

"दिली त्याच आठवड्यात बायको गेली," तो म्हणाला. "त्या फोटोत ती हसतेय. कसा येऊ न्यायला?"

मग हळूच म्हणाला, "ती म्हातारी आहे का एक? आंधळी? दुपारी डोळा लागला की ती मला भरवते. भात आणि मासा. या बाजूची चव गेलीय माझी, पण ते खारट लागतं. पोट भरतं. जागा झाल्यावर घरचं अन्न गिळवत नाही. आणि हाक मारते ती मला. पण माझ्या नावाने नाही."

"ल्वान?"

त्याने मान डोलावली. अंगावर काटा आला होता त्याच्या, पण फक्त उजव्या हातावर.

"तिला ओरडू नको हं," तो म्हणाला. "चांगली बाई आहे."

त्याने उयेनला दोन शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

साऊ आजीला सांगणं सगळ्यात कठीण गेलं. दिएम दारातच रडू लागली. "माझंही तेवढंच चुकलं, आई. मीच म्हटलं हिला, काहीतरी कर म्हणून."

आजीने सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावर राग नव्हता. चाचपडत उठली, देव्हाऱ्यापाशी गेली आणि स्वतःच्या हातांनी फोटो खाली उतरवला.

"कुणाच्या तरी जित्या पोराला मी रोज पितरांत बोलावत होते," ती म्हणाली. "आणि माझं पोर बाहेर उभं होतं. जागा नव्हती म्हणून."

"आजी, मला माफ कर."

"मी करीन गं. तो करतो का बघ." कुठला तो, ते तिने सांगितलं नाही.

फोटो जाळायची कुणाची हिंमत झाली नाही. त्यातला अर्धा माणूस जिवंत होता. डोंगरावरच्या विहारातल्या भिक्खूंनी तो ठेवून घेतला. काही विचारलं नाही. पालथा घालून ठेवला.

उयेनने ल्वानची मूळ निगेटिव्ह पुन्हा काढली. कर्व्हला हात लावला नाही. सावलीला सावली राहू दिलं. अर्धा चेहरा, अर्धा अंधार, असाच फोटो छापला आणि देव्हाऱ्यात ठेवला. आजीने एकच वाटी मांडली. दार उघडं टाकलं आणि वाट पाहत बसली.

त्या दिवसापासून तिच्या घरी कुणीच आलं नाही.

परका नाही. ल्वानही नाही. स्वप्नात नाही, दारात नाही. उयेन दर रविवारी जायची आणि आजी दर रविवारी तेच विचारायची, "उंबरा ओला आहे का गं?" आणि उयेनला दर वेळी वाकून, हात लावून, "नाही आजी" म्हणावं लागायचं.

समुद्राने नेलेलं आजीचं पोर उयेनच्या हातून दुसऱ्यांदा गेलं होतं.

एकदा आजीच म्हणाली, "त्या माणसाला आण. ज्याला मी भरवलं त्याला." उयेन खांगला घेऊन आली. दोघं समोरासमोर बसली. आजीने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. उजव्या गालावरून, मग डाव्यावरून. बोटं थांबली नाहीत.

"तू माझा नाहीस," ती म्हणाली. "पण बस. जेव."

तो पोटभर जेवला. म्हणाला, हीच चव. त्यानंतर त्याला घरचं अन्न जाऊ लागलं. डावा गाल थोडा कोमट झाला. पण हलला नाही. फिल्म मात्र कोरीच राहिली. ती त्याने परत नेली नाही. "माझ्या घरात नको," म्हणाला.

तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाच्या आधी, थंडीत, साऊ आजी गेली. झोपेतच.

आता यापुढचं मी स्वतः पाहिलंय. मी त्या अंत्ययात्रेला होते.

पावसाची भुरभुर होती. सनईवाले वाजवत होते. दिएमच्या कपाळाला सुतकाची पांढरी पट्टी होती. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी खांग दिसला. एकटाच, बसमधून उतरून चालत आलेला. डोक्याला पांढरी पट्टी बांधलेली. मुलगा बांधतो तशी.

उयेन माझ्या कानाशी म्हणाली, "याला तू कळवलंस?"

"मी कशाला कळवू? मी ओळखते कुठे?"

तिने दिएमला विचारलं. दिएमनेही कळवलं नव्हतं. त्याचा नंबर तिच्याकडे नव्हताच.

खांग सरळ शवपेटीपाशी आला. गुडघे टेकले. उदबत्ती लावली. मग उठून दिएमसमोर उभा राहिला. मी हाताच्या अंतरावर होते, म्हणून मला नीट दिसलं. त्याचा उजवा ओठ मिटलेला होता. घट्ट.

आणि डावा ओठ... जो इतके महिने हलला नव्हता...

तो हलला.

त्यातून एकच शब्द आला. स्पष्ट. तरण्या पोराच्या आवाजात, थट्टेच्या सुरात. मला त्याचा अर्थ कळला नाही. लहान मुलीला चिडवायचं नाव असावं तसा काहीतरी.

दिएमच्या हातातून उदबत्त्या गळून पडल्या.

खांग डोळे मिचकावत इकडेतिकडे बघू लागला. "मी काही बोललो का?" त्याने विचारलं. त्याच्या नेहमीच्या आवाजात. अर्ध्या तोंडाने.

सनई वाजत राहिली.

तो शब्द काय होता ते दिएमने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. उयेनला तिने एवढंच सांगितलं, की तशी हाक मारणारा एकच माणूस होता, आणि ती हाक शेवटची ऐकली तेव्हा ती होडीला टाटा करत वाळूत उभी होती, सात वर्षांची.

खांग आता महिन्यातून एकदा कोळीवाड्यात येतो. दिएम त्याला जेवायला वाढते. त्याच्या डाव्या बाजूला बसते. दोघं फारसं बोलत नाहीत.

उयेनचं दुकान चालू आहे. गिऱ्हाइकं कुरकुरतात, की बाई, तुमच्या फोटोत सावल्या फार काळ्या येतात, जरा उजळा की. ती नाही म्हणते. ल्वानची निगेटिव्ह आणि खांगची पट्टी, दोन्ही तिच्या खणात शेजारी शेजारी आहेत.

परवा मी तिला विचारलं, "आता बघितलंस का त्यात? कोण आहे?"

तिने खणाला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"तू बघ," म्हणाली. "माझ्याच्याने होत नाही."

किल्ली माझ्याकडेच आहे. अजून खण उघडायला गेले नाही मी.